मुलाला शाळेत जागा हवी

स्मरणिका समितीने या वर्षी माझ्याकडे "परीक्षेची तयारी कशी करावी" या विषयावर लेख मागितला होता. त्या विषयावर बाजारात पुस्तके पुष्कळ आहेत, आणि दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करताना आपण व्यासपीठावरून तेच सांगत असतो. म्हणून समितीची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. सत्काराच्या वेळी जी मुले मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून उभी असतात, ज्यांना आपले नाव कधी पुकारले जाईल असे वाटतच नाही, त्यांच्या मनाविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. समाजबांधव, माता-भगिनी आणि विद्यार्थी मित्रांनी ते सवडीने वाचावेत ही विनंती.

मानसिक आरोग्य म्हटले की आपल्याकडे लगेच येरवडा आठवतो. "त्याला काय वेड लागलंय का?" असे म्हणून विषय तिथेच संपतो. परंतु वेड हा या विषयाचा एक लहानसा कोपरा आहे. मुलाचे मन बरे आहे म्हणजे काय? ते खाते, झोपते, खेळते, भांडते, रडते आणि रडून झाल्यावर पुन्हा खेळायला जाते. त्याला कोणीतरी जवळचे वाटते. उद्या शाळेत जायचे आहे या विचाराने त्याच्या पोटात गोळा येत नाही. एवढे असले तर त्या मुलाचे मन बरे आहे असे समजावे, मग गुण पन्नास टक्के पडोत की नव्वद.

ज्याचे मन बरे नाही त्या मुलाला ते सांगता येत नाही. मोठा माणूस "मला करमत नाही, जीव घाबरा होतो" असे म्हणू शकतो. लहान मुलाचे शरीर बोलते. पोट दुखते, डोके दुखते, झोपेत अंथरूण ओले होते, नीट बोलणारे मूल अडखळू लागते, हुशार मुलाचे अक्षर बिघडते, गरीब मूल अचानक मारामाऱ्या करू लागते. शेवटचे लक्षण आपल्याला फार फसवते. दुःखी मूल रडेल अशी आपली कल्पना असते. मुलगे पुष्कळदा रडत नाहीत, ते दांडगाई करतात आणि त्याबद्दल छड्या खातात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी केली. चौथीतला एक मुलगा आठवड्यातून दोन-तीन दिवस दप्तर न घेताच माघारी फिरायचा. आई-वडील मुंबईला, मूल आजीपाशी. एके दिवशी आजीच त्याला हाताला धरून घेऊन आली.

"गुरुजी, पोराला कुणाची तरी नजर लागलीया बघा. दोन अमावास्या अंगारा लावला, पर पोटदुखी काय थांबंना."

"आज्जी, रविवारी दुखतं का पोट?"

"न्हाई वं. रविवारी दिसभर ओढ्यावरच आसतंय की."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. चौकशी केली तर त्याच्या बोबड्या बोलण्यावरून वर्गाने त्याला एक नाव ठेवले होते आणि हजेरी घेताना मीही दोनदा हसलो होतो. दुखणे पोटात नव्हते, माझ्या वर्गात होते. मी त्याची जागा बदलून शेजारच्या वाडीतल्या एका समंजस मुलाजवळ दिली, हजेरी सुधारून घ्यायला लागलो, आणि शाळेच्या कुंड्यांना पाणी घालायचे काम त्याच्याकडे दिले. पोटदुखी कमी व्हायला महिना-दीड महिना गेला. पूर्ण गेली असे म्हणणार नाही. पण अंगारा थांबला. आधी डॉक्टरांकडून पोट तपासून घ्यावे, हे मात्र प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे. मनाचे कारण शोधण्यापूर्वी शरीराचे कारण नाही याची खात्री करणे अगत्याचे असते.

हा प्रश्न किती मुलांचा आहे? बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींना मानसिक आजार असल्याचे आढळले. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आपली मुले काही निराळ्या मातीची नाहीत. चाळीस मुलांच्या वर्गात अशी साधारण तीन मुले निघतील. मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आत होते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सातवी-आठवीपर्यंत. त्या वयात मूल दिवसाचे सर्वाधिक जागते तास ज्या ठिकाणी काढते ते ठिकाण शाळा आहे.

शाळेत मुलाच्या मनाचे काय होते याचे सर्वांत जवळचे आणि अस्सल उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमधला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि आपणही तो साजरा करतो. पण त्या दिवशी आपण बहुधा भाषणे करतो. त्या वर्गात बसलेल्या मुलाला काय वाटत असेल याचा विचार फारसा करत नाही.

तो विचार स्वतः बाबासाहेबांनी पुढे १९३५-३६ च्या सुमारास 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. वर्गात त्यांना इतर मुलांमध्ये बसता येत नव्हते, एका कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाट घरून आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. १९०१ साली हा मुलगा भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. मसूर आपल्या शेजारच्या कराड तालुक्यातले. आपल्यापैकी कितीतरी जण त्या स्टेशनवरून गेले असतील.

त्या वेळी ते मूल नऊ वर्षांचे होते. आई भीमाबाई काही वर्षांपूर्वीच साताऱ्यात वारल्या होत्या, सांभाळ आत्या मीराबाई करीत होत्या. आणि लिहिताना बाबासाहेब पंचेचाळिशीच्या घरात, परदेशातल्या दोन विद्यापीठांच्या पदव्या घेतलेले. तरीही टोलनाका, गाडीवान, पाण्याची घागर सगळे तपशील जागच्या जागी आहेत. लहानपणीचा अपमान मन किती काळ आणि किती बारकाईने सांभाळून ठेवते याला आणखी पुरावा नको. "लहान आहे, विसरून जाईल" हे वाक्य आपण फार सहज बोलतो. मूल विसरत नाही. बोलायचे थांबते.

मग ते मूल मोडले कसे नाही? बुद्धी होती, वडिलांची शिस्त आणि माया होती, आत्या होती. पण शाळेतही काही होते, ते आपण भाषणात फक्त कथा म्हणून सांगतो. त्याच शाळेतले कृष्णाजी केशव आंबेडकर गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला देत. पुढे गोलमेज परिषदेला जाताना या गुरुजींचे पत्र आले ते बाबासाहेबांनी जपून ठेवले. दुसरे पेंडसे गुरुजी. एकदा पावसात चिंब भिजून हा मुलगा वर्गात आला, तेव्हा गुरुजींनी आपल्या मुलाबरोबर त्याला घरी धाडले आणि गरम पाण्याने आंघोळ घालायला सांगितले. या दोघांनी शाळेची रीत बदलली नाही. गोणपाट तिथेच राहिले, पाण्याचा नळही तसाच राहिला. त्यामुळे या आठवणी सांगून त्या काळाला माफी देता येणार नाही. परंतु ज्या इमारतीत आपण कोणालाच नको आहोत असे मुलाला रोज शिकवले जाते, तिथे आपण भुकेले आहोत, ओले झालो आहोत हे पाहणारे एक माणूस आहे, ही गोष्ट मुलाच्या मनाला धरून ठेवते.

याला शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतील एमी वर्नर या बाईंनी हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत अभ्यास केला. गरिबी, घरातली भांडणे, आई-वडिलांचे आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेली मुले त्यात होती. त्या अडचणीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, समर्थ माणसे झाली. त्यांच्यात काय निराळे होते हे पाहताना पुन्हा पुन्हा एक गोष्ट आढळली, ती म्हणजे मायेने लक्ष देणारे एक तरी मोठे माणूस. आजी, शेजारीण किंवा शिक्षक, कोणीही.

आता पाटण तालुक्याकडे वळतो. आपल्या मुलांच्या वाट्याला काय येते? कोयना, मोरणा, तारळी, वांग या खोऱ्यांतल्या वाड्या विखुरलेल्या. कर्ता पुरुष मुंबईला. कोणी गिरणीत होता, कोणी माथाडीत, आता कोणी वॉचमन तर कोणी रिक्षावर. मूल आजी-आजोबांजवळ वाढते आणि बाप गणपतीला, शिमग्याला आणि यात्रेला दिसतो. हे आपण इतके अंगवळणी पाडून घेतले आहे की मुलाला बापाची आठवण येते हे आजाराचे कारण असू शकेल असे आपल्या मनातही येत नाही. याची मुलाला मदत करायला फार काही लागत नाही. फोन लावला की बाप "अभ्यास करतोस का? किती मार्क पडले?" एवढेच विचारतो. त्याऐवजी "आज कोणाबरोबर खेळलास?" असे विचारून पाहावे.

दुसरी गोष्ट जमीन. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेल्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा लहान असलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकजण आजही भांडे पडल्याचा आवाज झाला तरी दचकून दाराकडे पाहतात. या भागाला छोटे धक्के अजून बसत असतात. मोठ्यांना त्याची सवय झाली आहे. मुलांना होत नाही. आमच्या वर्गात एक मुलगा रोज दुसऱ्या तासाला झोपायचा. मी त्याला एकदा छडीने मारले. नंतर समजले की धक्का बसल्यापासून त्या घरातले सगळे अंगणात झोपत होते आणि हा रात्रभर जागून भिंतीकडे पाहत राहायचा. त्या छडीबद्दल मी त्याची माफी मागितली नाही. आज मागितली असती.

२२-२३ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. घरे आणि माणसे गाडली गेली. अशा संकटानंतर मुले रात्री ओरडत उठतात, मोठ्यांचा पदर सोडत नाहीत, दरड पडल्याचाच खेळ पुन्हा पुन्हा खेळतात. असा खेळ पाहून मोठी माणसे रागावतात. रागावू नये, मूल त्या खेळातून भीती बाहेर काढत असते. बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. त्यांना सावरायला जेवणाची, झोपेची आणि शाळेची ठरलेली वेळ फार मदत करते. जे मूल महिना उलटला तरी झोपत नाही, खेळत नाही, बोलत नाही, त्याला मात्र डॉक्टरांकडे न्यावे. दुर्दैवाने त्या जुलैत करोनामुळे प्राथमिक शाळाच बंद होत्या. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. ज्या मुलांना शाळेची सर्वांत जास्त गरज होती त्यांना ती चार महिने मिळाली नाही.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली आहे आणि ती मी मुद्दाम लिहितो. मी माध्यमिक शाळेत असताना एक शिक्षक वर्षातून दोन वेळा वर्गात येऊन म्हणायचे, "शिष्यवृत्तीची मुलं उभी राहा." आम्ही पाच-सहाजण उभे राहायचो. शिक्षकांच्या मनात काही वाईट असेल असे मला वाटत नाही, त्यांना यादी पुरी करायची होती. पण ते उभे राहणे मला आजही आठवते. मागच्या बाकावरचा माझा मित्र त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागला. गोणपाट गेले, पाण्याचा हंडा एक झाला, तरी मुलाची वेगळी जागा दाखवण्याच्या रीती अजून शिल्लक असतात. शिष्यवृत्तीची यादी हळू आवाजात, एकेकाला बोलावून करता येते. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचा फॉर्म मुलीच्या हातात शांतपणे देता येतो. यात सरकारचा एक रुपया जास्त खर्च होत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत आपले जे पालक असतील त्यांनी एवढे तरी मागून घ्यावे.

जागा देण्याचेही उदाहरण आपल्याच भागात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्याला पुढे १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासुद्धा, मोडले. साताऱ्याच्या एका शाळेत एक मूल गोणपाटावर वेगळे बसत होते, आणि चोवीस वर्षांनी त्याच गावात तशाच घरांतली मुले इतरांच्या ताटाला ताट लावून जेवत होती. मानसशास्त्र हा शब्द त्या बोर्डिंगात कोणी उच्चारला नसेल. पण "तू आमच्यातला आहेस" हे मुलाला सांगण्याची त्याहून चांगली रीत मला माहीत नाही.

हल्ली कोणी म्हणेल, यासाठी मुलांना ध्यान शिकवावे. आपल्या विहारात आनापान शिकवले जाते, शाळांमधूनही विपश्यना संशोधन संस्थेच्या मदतीने मित्र उपक्रम चालतो. दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे पाहायला शिकणे चांगलेच आहे, मी स्वतः करतो. परंतु अपेक्षा बेताची ठेवावी. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक मुलांना घेऊन केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली आले. अकरा ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना वर्गात सजगतेचे पाठ दिल्याने त्यांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही अधिक फायदा दिसला नाही. वर्गात ज्याची रोज टिंगल होते त्याला डोळे मिटून श्वास पाहायला सांगणे पुरेसे नाही. आधी टिंगल थांबली पाहिजे.

त्या मानाने आपल्या देशातला एक प्रयोग मला अधिक उपयोगाचा वाटतो. गोव्यातील संगत या संस्थेच्या पुढाकाराने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत नववीच्या मुलांसाठी सेहर नावाचा उपक्रम झाला. काही शाळांत स्थानिक, साध्या सुशिक्षित तरुण-तरुणींना थोडे प्रशिक्षण देऊन नेमले, काहींत तेच काम शिक्षकांना दिले, आणि काहींत काहीच वेगळे केले नाही. या तरुणांनी प्रार्थनेच्या वेळी मुलांशी बोलणे, भित्तिपत्रक, स्पर्धा, गटचर्चा, मनातले लिहून टाकण्याची पेटी आणि ज्याला हवे त्याच्याशी एकट्याने बोलणे, अशी कामे केली. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे हे तरुण होते तिथे शाळेचे वातावरण पुष्कळ सुधारले, मुलांमधली उदासी आणि दांडगाई कमी झाली. जिथे शिक्षकांनीच ते काम केले तिथे फरक पडला नाही. शिक्षक म्हणून मला हे वाचून वाईट वाटले, आश्चर्य मात्र वाटले नाही. ज्याच्या हातात गुणपत्रिका आहे त्याच्यापाशी मूल मन मोकळे करत नाही, आणि जनगणना, निवडणूक, शालेय पोषण आहाराचा हिशेब यातून शिक्षकाला तरी सवड कुठली?

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हींना बंदी आहे. वर्गासमोर अपमान करणे हाही त्रासच आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, मुलांना चारचौघांत लाजवू नये, गुणांवरून वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, मदतीचे फोन क्रमांक ठळकपणे लावावेत, मागास समाजांतील मुलांशी भेदभाव न करता वागावे, असे त्यात आहे. आपल्या तालुक्यातल्या पुष्कळ वाड्यांवरच्या शाळांचा पट शंभराच्या कितीतरी खाली असतो. अशा लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवावा असे न्यायालयाने म्हटले आहे. "आमच्या शाळेचा असा संपर्क कोणाशी आहे?" हा प्रश्न प्रत्येक पालकाने मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारावा.

ही सगळी धडपड का, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वाधिक. एखादे मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलू लागले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, एकदम गप्प झाले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकीकडे घेऊन सरळ विचारावे, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने मुलाला हायसे वाटते. त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतून. मुलांवरील अत्याचारासाठी १०९८. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात आणि कराडच्या कृष्णा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच सांगतो. तुमच्या वर्गात कोणीतरी मधल्या सुट्टीत एकटे डबा खाते. त्याच्या शेजारी जाऊन बसा. काही विचारले नाही तरी चालेल. आणि मित्राने "कोणाला सांगू नकोस" असे म्हणून जीव देण्याची गोष्ट सांगितली, तर ते वचन मोडा आणि मोठ्या माणसाला सांगा. मित्र चार दिवस रागावेल.

संस्थेपुरता माझा प्रस्ताव असा आहे. आपल्या समाजातली पदवीधर मुले-मुली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी गावातच असतात. त्यांपैकी तयारी असलेल्या एक मुलगा आणि एक मुलगी यांनी मुख्याध्यापकांच्या संमतीने आठवड्यातून एक दिवस शाळेत जावे. प्रशिक्षणासाठी जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाला पत्र देता येईल. त्यांनी डॉक्टरकी करायची नाही, औषध सांगायचे नाही, उपदेश तर मुळीच नाही. ऐकायचे आणि गरज असेल तिथे पुढे पाठवायचे. शाळेत एक पेटी ठेवावी, मुलांनी नाव घालून किंवा न घालता चिठ्ठी टाकावी. पेटी नेहमी दोघांनी मिळून उघडावी. चिठ्ठीत लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गावाची अब्रू म्हणून दाबता येणार नाही, हे आधीच सर्वांना सांगून ठेवावे. आणि सर्व समाजांच्या मुलांसाठी ही पेटी खुली असावी. बापाची आठवण मराठ्याच्या मुलालाही येते आणि धनगराच्या मुलालाही.

पेटी बनवून देण्याची तयारी सुतारकाम करणाऱ्या एका बांधवाने दाखवली आहे, फळ्याही आणून ठेवल्या आहेत. किल्ली कोणाकडे असावी यावर मात्र मागच्या बैठकीत एकमत झाले नाही. शाळेकडे असावी असे काहींचे म्हणणे, तर शाळेकडे असली तर मुले लिहिणारच नाहीत असे मुलींचे म्हणणे पडले. मला मुलींचे म्हणणे पटते. वर्षावास संपल्यावर पहिल्या रविवारी विहारात होणाऱ्या बैठकीत हा विषय पुन्हा घेतला आहे. त्या दिवशी मोठ्यांनी आपल्याबरोबर घरातले एक शाळकरी मूल आणावे.